पासंग

चिंचेनं घासू नका, एवढंच मी भंगारवाल्यांना सांगतो.
बिल्ला उजळतो, पण अक्षरांच्या खाचेतली
काळी मळी जाते, आणि माझा निम्मा पुरावा तिच्यातच.

तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होतो.
व्हर्नियर अजून खिशात असतो.
संस्थानी का खालसातला,
टोपीचा का पट्ट्याचा,
मागच्या कड्या ओतीव का नंतर डाख दिलेल्या,
अंक ठोकलेला का कोरलेला,
हे डोळ्यांआधी बोटांना कळतं.
कराडच्या एका बोहारणीनं
दोन पातेल्यांवर मिळालेला खाकी डगला मला दिला.
बाहीवरच्या तीन फिती उसवलेल्या,
खालचं कापड तेवढं मूळ रंगाचं.
हवालदार होता. नंतर नव्हता.
वहीत तेवढंच लिहिलं.

सून विचारते, लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात,
तुम्ही हे मारकुट्यांचं सामान कशाला घरात आणता?

मी वाचलेला पहिला बिल्ला पितळेचा नव्हता.
रंगूतात्याच्या पाठीवर होता.
विहिरीवर त्याची पाठ चोळायचं काम माझ्याकडं,
सहा-सात वर्षांचा असेन.
डाव्या खवाट्याखाली गुळगुळीत कातडीची अर्धी कमान,
आत एक उभा दांडा, पलीकडं वाकडं शेपूट.
साबणाचा फेस तिथं जरा थांबायचा.
इंग्रजीतला एक का सात? सात का नऊ?
ते उलटं उमटलंय, हे मला पुढं
डाय-पंचाचं काम शिकताना कळलं.
तात्या म्हणायचा, "चोळ की रं, वाचतोस काय?"
तासगावची चावडी, बेचाळीसनंतरची कुठलीतरी रात्र.
याहून जास्त तो बोलला नाही,
आणि शिपायाचं नाव त्याला माहीत होतं का
हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

परवा सांगलीत, गणपती पेठेत,
चौगुल्यांच्या दुकानात पावशेर हळदीला थांबलो.
लाइट गेलेली. काउंटरवरचा काटा मेलेला.
त्रिशलाबाईंनी माळ्यावरून सासऱ्यांचा तराजू काढला,
दांडी उचलली,
आणि उजव्या पारड्याखाली, तारेनं आवळलेलं,
एक पितळ लोंबलं.

"पासंग आहे," त्या म्हणाल्या,
"हे पारडं मूळचंच हलकं."

मी गुडघे टेकून खाली बसलो. गिऱ्हाइकं बघत होती.
खाचांत हळद बसलेली, फुंकर मारली नाही.
कमान होती.
कड एका अंगानं चेपलेली, जोरात कशावर तरी आपटल्यासारखी.
एक. मग झिजून गेलेला अंक. मग शेपूट.

जन्मभर म्हणत आलो,
अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही.
पासंग हातात धरला नव्हता कधी.

पाचशे म्हटलं. मग दोन हजार.
"काढला तर तराजू खोटं बोलेल," त्या म्हणाल्या.
मामंजींच्या वडलांकडं कुणीतरी आणून दिलेला,
हळदीच्या पोत्यात खुपसून, पहाटेच्या आत.
नाव विचारायचे दिवस नव्हते.
मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या,
"पेन्सिल देऊ?"

बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर ठसा घेतला.
घरी आलो, मोरीतल्या आरशासमोर कागद धरला,
उलटा अंक बघितला, डोळे मिटले,
आणि तात्याची पाठ आठवायला लागलो.
बोटांना साबण आठवला.
विहिरीचं गार पाणी आठवलं.
अंक नाही.

रात्री वहीत नोंद केली:
सातारा जिल्हा, बहुतेक. पट्ट्याचा.
मधला अंक गेलेला.
मुक्काम: चौगुल्यांच्या तराजूखाली.
वजन: घेता आलं नाही,
अजून ड्यूटीवर आहे.